उसनी जहाजं की राजाची स्वतःची?
मध्ययुगात इंग्लंडच्या राजाला आरमार फुकटात मिळे, निदान कागदावर तरी. हेस्टिंग्ज, डोव्हरसारखी ‘सिंक पोर्ट्स’ बंदरं सवलतींच्या बदल्यात वर्षाला ५७ जहाजं देत, पण फक्त १५ दिवस! सोळाव्या दिवसापासून खर्च राजाच्या माथी. पाचव्या हेन्रीने स्वतःचा ताफा उभारला खरा, पण १४२२ मध्ये तो वारल्यावर बहुतेक जहाजं विकली गेली.

आठव्या हेन्रीचा मार्ग महागडा. जड तोफा पेलणारी जहाजं व्यापाऱ्यांकडे सहसा नसत, ती स्वतःच बांधावी लागत. वडिलांनी पोर्ट्समथला बांधवलेली सुकी गोदी (पाणी काढून जहाज दुरुस्त करायची जागा) हाताशी होती. त्याने वुलिच, डेप्टफर्डलाही गोद्या काढल्या. १५४६ मध्ये आरमाराचं कारभारी मंडळ नेमलं. माझ्या मते जहाजांपेक्षा हे मंडळच मोलाचं: पुढच्याच वर्षी राजा गेला, पण हिशेब आणि दुरुस्ती थांबली नाही.