रंगीत चौकोनी ब्लँकेट विणायचंय, पण साईज ठरत नाहीये? मग पद्धत आधी निवडा

बहुतेक जण आधी रंग निवडतात आणि मग अडकतात. माझं म्हणणं असं की ब्लँकेट नक्की केवढं हवंय हे ठरलेलं नसेल तर एकच गोष्ट बघायची, मधेच थांबता येतं का आणि नंतर वाढवता येतं का. त्या हिशोबाने चार पद्धती.

पहिली मायटर्ड स्क्वेअर, माझी लाडकी. ४१ टाके घालायचे, सगळं सुलटच विणायचं आणि एक सुई (म्हणजे टाक्यांची एक ओळ) सोडून एक सुईला मधल्या तीन टाक्यांचा एक करायचा. टाके दोन-दोनने कमी होत जातात आणि शेवटी एकच उरतो तेव्हा मधे तिरकी रेघ असलेला मस्त चौकोन तयार असतो. तुमच्या विणीत १० सेंमीत २० टाके बसत असतील तर चौकोन साधारण १० सेंमीचा होतो, म्हणजे ८०×१०० सेंमीच्या ब्लँकेटला ८० चौकोन. मोठं हवंय? अजून एक रांग लावा. छोटा चौकोन हवाय? ३१ टाक्यांनी सुरू करा, साडेसात सेंमीचा होईल, सुई बदलायची गरजच नाही. फक्त सुटे विणून शेवटी शिवू असं म्हणू नका प्लीज, मी म्हटलं होतं आणि ते चौकोन कित्येक महिने पिशवीतच पडून होते. शेजारच्या चौकोनाच्या कडेवरून टाके उचलूनच पुढचा विणायचा, एका बाजूला २०, कोपऱ्यात १ आणि दुसऱ्या बाजूला २०, झाले ४१, शिवण शून्य. त्रास एकच, धाग्याची टोकं! प्रत्येक चौकोनाची दोन म्हणजे १६०, त्यामुळे ती विणता विणताच आत गुंडाळत जा.

लॉग केबिनमध्ये मधे एक चौकोन आणि त्याच्याभोवती पट्ट्या, एक बाजू झाली की टाके बंद करायचे, काम वळवायचं आणि कडेवरून टाके उचलायचे, सुलट विणीच्या दर उंचवट्याला एक. डोकं अजिबात लागत नाही, गप्पा मारत विणता येतं आणि कुठल्याही फेरीला थांबलात तरी ब्लँकेट पूर्णच दिसतं. आयताकृती हवं असेल तर समोरासमोरच्या दोन बाजूंना जास्तीच्या पट्ट्या लावायच्या. पण लोकरीचा हिशोब इथे फसवतो. १० सेंमीच्या मधल्या चौकोनाला ५ सेंमीच्या पट्ट्या लावत ९० सेंमीपर्यंत गेलात तर शेवटच्या पट्टीला पहिलीच्या नऊपट लोकर लागते!! त्यामुळे उरलेले छोटे गोळे आत आणि भरपूर असलेला रंग बाहेर. शिवाय तेव्हा सुईवर १८० टाके असतात आणि सगळं वजन मांडीवर, लांब गोल सुई (दोन सुया मधे लवचिक तारेने जोडलेली) असेल तरच निभतं.

कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकं विणणं सगळ्यात सोपं. तीन टाक्यांनी सुरुवात, दर सुईला एक टाका वाढवायचा आणि हवी तेवढी बाजू झाली की तसंच एकेक कमी करत यायचं. लोकर मोजकीच असेल तर हेच करा, स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या आणि अर्धी लोकर संपली की कमी करायला लागा, बरोबर पुरते. पण डिझाईन म्हणजे तिरके पट्टे, बस्स. आणि एकदा कमी करायला लागलात की मोठं करायचं तर उसवूनच.

इंटार्सिया, म्हणजे ग्राफवरून रंग बदलत एकसंध विणणं, दिसायला सगळ्यात भारी. त्रिकोण, षटकोन काय हवं ते. पण रुंदी पहिल्याच सुईला ठरते, प्रत्येक रंगाचा वेगळा छोटा गोळा लोंबतो, रंग बदलताना दोन धागे एकमेकांत अडकवले नाहीत तर भोक पडतं, आणि एका बाजूने सुलट दुसऱ्या बाजूने उलट विणल्यामुळे कडा गुंडाळतात म्हणून बॉर्डर लागतेच. साईज ठरली नसेल तर यात पडूच नका.

लोकर कुठलीही घ्या, पण जाडी सगळ्या रंगांची सारखी हवी, नाहीतर चौकोन जुळत नाहीत. अ‍ॅक्रिलिक असेल तर गरम इस्त्री दाबून फिरवू नका, वीण कायमची लुळी पडते. पूर्ण सुलट विणीत दोन्ही बाजू सारख्या दिसतात हे खरं, पण रंग बदलतो तिथे मागच्या बाजूला ठिपक्यांची रेघ येते, म्हणून रंग कायम एकाच बाजूने बदला.

पहिल्यांदाच करत असाल तर लॉग केबिन, उरलेल्या गोळ्यांचा डबा भरलेला असेल तर मायटर्ड. दोन्हीमध्ये कन्फ्यूज असाल तर मायटर्डचा एक चौकोन विणून बघा, फार वेळ लागत नाही, आणि नाही आवडला तर त्याच्याच भोवती लॉग केबिनच्या पट्ट्या सुरू करा.