हिशेबाची वही की मोबाईलवरची शीट?

फोंड्याला आमच्या घरात चार बचत खाती आहेत: पगाराचं, आईबरोबरचं संयुक्त, पोस्टातलं आणि चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, खर्चासाठी वेगळं ठेवलेलं. पूर्वी आई सगळा हिशेब लाल बांधणीच्या वहीत लिहायची. गेली तीन वर्षं मी तो गूगल शीटमध्ये ठेवतो.

शीटमध्ये बेरीज आपोआप होते, मुंबईतल्या भावालाही तीच दिसते.

वहीचं बळ शेऱ्यांत आहे. ‘माटोळीचं सामान, ३२००, चवथीच्या खात्यातून’ (माटोळी म्हणजे गणपतीवर टांगायची फळा-पानांची सजावट) ही ओळ वाचली की पैसे कुठे गेले ते लगेच आठवतं. पोस्टाच्या पानावर आईने ठळक अक्षरांत लिहिलंय: ‘१० तारखेनंतर काढू नये’. तिथे व्याज १० तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या किमान शिलकीवर धरतात. बँकेत मात्र रोजच्या शिलकीवर. शीटमध्ये ही सूचना लिहायचं मला सुचलंच नव्हतं.

पण दोन वर्षांहून जास्त काळ व्यवहार नसला की बँक खातं निष्क्रिय होतं, आणि इथे वही कमी पडते. आईचं एक जुनं खातं असंच बंद पडलं. वहीत पान होतं, पण ते कुणी उलटलंच नाही. केवायसीची कागदपत्रं घेऊन भर पावसात तिला दोन फेऱ्या माराव्या लागल्या. शीटमध्ये शेवटच्या व्यवहाराच्या तारखेचा रकाना करून जुन्या तारखेला लाल रंग देण्याचा नियम एकदा लावला की जुनी तारीख लाल दिसते.

म्हणून मी शीटच घेईन, शेऱ्यांचा रकाना ऐसपैस ठेवून. नॉमिनीचं नावही त्यात लिहा. पिन आणि पासवर्ड मात्र दोन्हीकडे नकोत.