परसातला कडकनाथ: दहा महिन्यांनंतर

कडकनाथ, म्हणजे काळ्या पिसांची-कातडीची देशी कोंबडीची जात, काटक आहे, पण आठ आठवड्यांचा झाल्यावर. तोवर तो इतर पिलांइतकाच नाजूक, आणि बहुतेकांची मरतुक इथेच होते.

पहिल्या आठवड्यात ऊब 35 अंश सेल्सिअस, पुढे दर आठवड्याला 3 अंश कमी. थर्मामीटरपेक्षा पिलं खरं सांगतात: बल्बखाली ढीग झाला तर गारठा, कडेला चोची उघड्या दिसल्या तर उष्मा. कोपरे पुठ्ठा लावून गोल करा, नाहीतर रात्री एकावर एक चढून खालची गुदमरतात. खाली दोन इंच भाताचं तूस. पाण्याचं भांडं विटेवर ठेवा. तूस भिजलं की रक्ती हगवण आलीच. लसी अशा: लासोटा (मानमोडी, म्हणजे राणीखेत रोगावरची) पाचव्या ते सातव्या दिवशी, गंबोरो (त्याच नावाच्या रोगावरची) चौदाव्या, लासोटा पुन्हा अठ्ठाविसाव्या. काटक जात म्हणून लस टाळली तर मानमोडी अख्खं खुराडं रिकामं करते.

जात मूळची मध्य प्रदेशातल्या झाबुआची. 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बाजारात संकर भरपूर, आणि संकरातही काळेपणा बराच उतरतो. म्हणून नुसती पिसं बघू नका. चोच अलगद उघडून जीभ आणि टाळू काळपट आहेत का बघा, मग नख्या. मोठ्या नराचा तुरा लालबुंद असेल तर सौदा सोडा. अंडं मात्र फिकट बदामीच असतं. काळं अंडं दाखवणाऱ्याकडे थांबूच नये.

पहिलं अंडं साधारण सहाव्या महिन्यात, वर्षाला 80 ते 100. नर पावणेदोन-दोन किलो, मादी सव्वा ते दीड. अंड्यांचाच धंदा करायचा तर ही जात नको. तलंगांना, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या माद्यांना, लेअर खाद्य (अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं) घाईने देऊ नका. त्यातला जास्तीचा चुना मूत्रपिंडांना बाधतो. अंडी सुरू झाली की द्या, सोबत शिंपल्यांचा चुरा.

मोठी उणीव म्हणजे मादी सहसा खुडूक (अंडी उबवायला) बसत नाही, बसली तरी मध्येच उठते. त्यामुळे कळपात दोन गावरान कोंबड्या हव्यातच. त्यांच्याखाली 10-12 अंडी, 21 दिवस. सातव्या रात्री टॉर्चवर धरून बघा: कोळ्याच्या पायांसारख्या लाल शिरा दिसल्या तर ठेवा, नितळ दिसलं तर काढा.

पक्षी झाडावर चढतात. एकाच पंखाची लांब पिसं छाटा. दोन्हींची छाटली तर तोल राहतो आणि कुंपण ओलांडतातच.