नवोपक्रमाचा बारा आठवड्यांचा वर्ग: नाव घालावे का?

कोल्हापुरातील आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने तिसऱ्या वर्षासाठी चालविलेला नवोपक्रम व उद्योजकतेचा बारा आठवड्यांचा वर्ग मी नुकताच पूर्ण केला. खालच्या वर्गातील मुले त्याविषयी विचारतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

पहिले चार आठवडे निराशेचे गेले. परदेशी कंपन्यांच्या यशोगाथा पडद्यावर पाहण्यातच ते संपले. शिरोलीच्या फाउंड्र्या आणि उद्यमनगरातील कारखाने इतके जवळ असताना तिथल्या एकाही कारखानदाराला बोलावले गेले नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

पाचव्या आठवड्यात मात्र वर्गाचे रूप पालटले. आमच्या गटाने गुळाच्या काहिलीसाठी, म्हणजे उसाचा रस उकळण्याच्या मोठ्या कढईसाठी, तापमापक जुळवला होता. पाक ११८ अंशांच्या आसपास पोचला की भोंगा वाजणार होता. सरांनी आम्हाला तो घेऊन करवीर तालुक्यातील एका गुऱ्हाळावर पाठवले. तिथल्या गुळव्याने उकळत्या पाकाचे दोन थेंब गार पाण्यात सोडले, बोटांनी त्याची गोळी वळली आणि म्हणाला, “पोरांनो, पाक आलेला माझ्या बोटांना कळतोय. चुलवाणात चिपाडं घालणाऱ्याच्या डोळ्यांत धूर जातोय, त्याचं काय तरी बघा की.” महिनाभर खपून केलेले यंत्र बाजूला ठेवावे लागले, आणि गटातील दोघांनी व्यवसायाचा विचारच सोडला. हे मी वर्गाचे अपयश मानत नाही. नेदरलँड्समधील अशाच एका कार्यक्रमाच्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही विद्यार्थ्यांचा उद्योजक होण्याचा कल घटलेला आढळला होता. माझी ओढ मात्र त्याच दिवशी पक्की झाली, कारण सोडवण्याजोगा प्रश्न समोर दिसला.

मानसशास्त्रज्ञ आइसेक आयझेन यांच्या १९९१ च्या मांडणीनुसार माणसाचा इरादा तीन गोष्टींवर ठरतो: त्या कामाविषयीचे स्वतःचे मत, जवळच्या माणसांची अपेक्षा आणि ते आपल्याला जमेल हा विश्वास. यशोगाथांनी पहिली गोष्ट साधते, गुऱ्हाळाने तिसरी साधली. दुसरीकडे मात्र वर्गाने ढुंकूनही पाहिले नाही. माझ्या आईला अजूनही मी पुण्यात नोकरीच करावी असे वाटते. एक दिवस पालकांनाही वर्गात बसवावे, अशी माझी मनापासून सूचना आहे.

प्रयोगशाळा संध्याकाळी पाचलाच बंद होते, हीदेखील मोठी अडचण आहे. तरीही नाव जरूर घालावे. फक्त गुळासारखा हंगामी विषय घेणाऱ्यांनी जानेवारीची तुकडी धरावी, कारण उन्हाळा लागला की बहुतेक गुऱ्हाळे थंडावतात.