‘चाचणीत पहिली’ आलेल्या गाडीपायी माझे 1,53,000 गेले

एक लाख त्रेपन्न हजार रुपये. त्यातले 11,000 आधी दुसरीकडे केलेल्या बुकिंगचे बुडाले. उरलेले 1,42,000 म्हणजे मी पक्की केलेली गाडी आणि माझ्या गळ्यात मारलेली गाडी यांच्या ऑन-रोड किमतीतला फरक. बिल 14,83,500 चं आहे. शोरूम, कंपनी, मासिक, कोणाचंच नाव लिहीत नाही, वकिलाने बजावलंय. इंदूरच्या आपल्या मराठी मंडळींनी तरी सावध व्हावं म्हणून लिहितोय.

नुसत्या सेल्समनच्या तोंडाला भुलणारा मी नाही. आयुष्य हिशेब तपासण्यात गेलं माझं. पण त्या पोराने तोंड चालवलंच नाही, एक लॅमिनेट केलेलं कटिंग समोर ठेवलं. नावाजलेलं कारचं मासिक, तीन गाड्यांची तुलना, रंगीत तक्ता. 0 ते 100 किमीचा वेग गाठायला: त्यांची गाडी 9.8 सेकंद, बाकी दोन 11.4 आणि 11.9. त्या 11.4 वालीचं बुकिंग माझ्या खिशात होतं. “अंकल, हम थोड़ी बोल रहे हैं, मैगज़ीन बोल रही है.” मुलगी खंडव्याला दिलीय, महिन्यातून एकदा तरी वाटेतला भेरूघाट चढतो-उतरतो. ट्रकच्या मागून बाहेर पडायला गाडीत दम हवा, एवढंच मला हवं होतं. शर्यत लावायची नव्हती.

आणि तो क्षण. रात्री झोप उडते अजून. 11.4 आणि 11.9 या दोन्ही आकड्यांच्या डोक्यावर बारीक चांदणी होती. कटिंगची खालची कड तिरपी कापलेली होती आणि तिथे एका ओळीच्या अक्षरांची फक्त डोकी दिसत होती. मी बोट ठेवून विचारलंसुद्धा, “ये स्टार क्या है?” “अंकल, वो प्रिंटिंग का है.” तेवढ्यात मॅनेजर आला, कॉफी आली, आणि डिस्काउंट फक्त आज संध्याकाळपर्यंत असल्याचं कळलं. आता म्हणाल, तेव्हाच उठायचं. अहो, छापील तक्ता आहे, नावाजलेलं मासिक आहे, त्यात कोण कात्री शोधत बसतं?

पहिल्यांदा खंडव्याहून परत येत होतो तेव्हाच कळलं. पाच माणसं, डिकीत सामान, एसी चालू. भेरूघाटात सिमेंटच्या ट्रकमागून बाहेर काढली आणि पाय दाबला, तर गाडी क्षणभर विचारच करत राहिली. मग गिअर पडला, इंजिन ओरडायला लागलं, वेग काही वाढेना. समोरून बस. परत ट्रकमागे घातली. हिने पुढे इंदूरपर्यंत माझ्याशी शब्द बोलला नाही.

तो अंक मग खजुरी बाजारात जुन्या पुस्तकांत 40 रुपयांना मिळाला. कापलेली ओळ अशी: पहिल्या गाडीला कंपनीने पुरवलेले पर्यायी टायर, चाचणी डिसेंबरात, चांदणी असलेले आकडे आमच्या मे महिन्याच्या चाचणीतले. म्हणजे एकाचं वजन आज काट्यावर करायचं आणि दुसऱ्याचं गेल्या वर्षीच्या चिठ्ठीवरून लिहायचं. वर त्याच अंकाच्या मागच्या पानावर त्याच गाडीची पानभर जाहिरात!

भाचा पीथमपुरात, इंदूरजवळच्या औद्योगिक वसाहतीत, नोकरीला आहे. तो म्हणाला, “मामा, टर्बो गाडी थंडीत पळते. मेच्या उन्हात इंटरकूलर, म्हणजे इंजिनात जाणारी हवा थंड करणारा भाग, तापतो, मग तीच गाडी बसते.” मग एकेक सांगत गेला. पेट्रोल 100 ऑक्टेनचं होतं का, टाकी किती भरली होती, आत एक माणूस की दोन, दोन्ही दिशांना पळवून सरासरी काढली का, म्हणजे वाऱ्याचा फायदा निघून जातो. काही मासिकं तर गाडी एक फूट पुढे सरकल्यावर घड्याळ सुरू करतात, अमेरिकेतल्या ड्रॅग, म्हणजे थोड्या अंतराच्या सरळ शर्यतींची पद्धत. पाव सेकंद तिथेच खिशात. आणि चाचणीला दिलेली गाडी कंपनीने निवडून, हात फिरवून पाठवलेली, आपल्या नशिबात यार्डातली. हा धंदा जुना आहे. अमेरिकेच्या ‘कार अँड ड्रायव्हर’ मासिकाला मार्च 1964 च्या अंकातल्या चाचणीसाठी जी पाँटिॲक जीटीओ मिळाली, तिच्यात 389 घनइंचाऐवजी 421 चं, म्हणजे मोठं, इंजिन बसवलेलं होतं. ही गोष्ट पाँटिॲकच्या जाहिरातीचं काम बघणाऱ्या जिम वँगर्सनेच पुढे कबूल केली.

आणि आपल्याकडे? पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन चाचणी केंद्राचा 11.3 किलोमीटरचा गोल ट्रॅक 2021 मध्ये सुरू झाला. एकाच दिवशी, एकाच ट्रॅकवर तिन्ही गाड्या पळवायला कोणाचे हात बांधलेत?

आम्ही बायपासवर पहाटे ते केलं. भाच्याचं जीपीएस यंत्र लावलं, कारण काट्यावरचे 100 खरे नसतात, काटा थोडं जास्तच दाखवतो. शेजारच्या कुलकर्ण्यांकडे ती 11.4 वाली आहे, ती आणली. 40 ते 100: माझी 7.9 सेकंद, त्यांची 7.4. मासिकात माझी 6.1 छापलीय. 0 ते 100 बघूच नका, ओव्हरटेक करताना 40 ते 100 च कामाला येतं.

मग सुरू झाली तक्रार. शोरूम म्हणे, कटिंग आमचं नाही, मासिकाचं. मासिक म्हणे, आम्ही तळटीप दिली होती, कापली त्यांनी. कंपनीच्या फोनवरची बाई ‘आपली गैरसोय समजते’ एवढंच घोकत होती. पोलीस चौकीत हवालदाराने शांतपणे विचारलं, “गाड़ी चल रही है ना?” चल रही है. “फिर?” तक्रार निवारणाच्या नावाने पगार घेणाऱ्या एका कार्यालयात बाबूला वाटलं की मी ॲव्हरेजबद्दल रडतोय. कागद न वाचता त्याने ‘एआरएआयचा (म्हणजे गाड्या तपासणाऱ्या पुण्याच्या संस्थेचा) आकडा प्रयोगशाळेतला असतो’ हे ऐकवलं. अहो, मला ठाऊक आहे तो रोलरवर काढतात, माझी तक्रार कापलेल्या ओळीची आहे! 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणारी जाहिरात म्हणजे काय ते लिहिलंय, महत्त्वाची माहिती मुद्दाम लपवणंही त्यात येतं. ते पान छापून दिलं, त्याने त्यावर चहाचा कप ठेवला. ऑनलाइन केलेली तक्रार ‘कंपनीने उत्तर दिले, प्रकरण बंद’ म्हणून बंद. उत्तर काय दिलं, ते मला कळवायचं कोणाच्या बापाला सुचलं नाही.

कटिंग दाखवलं की अख्खा अंक मागा, नाही म्हणाले की उठा. फोटोतल्या टायरचा साइज आणि तुम्हाला देणार त्या गाडीचा साइज जुळवा. टेस्ट ड्राइव्हला घरची चार माणसं बसवा, एसी लावा, चढावर न्या, शोरूमच्या सर्व्हिस रोडवर फिरवून आणू देऊ नका. ‘आज संध्याकाळपर्यंत’ हे ऐकलं की पेन खिशात.

गाडी विकायला काढली तर 11,60,000 सांगतात, म्हणून ठेवलीय. ग्राहक आयोगासाठी वकील कागद तयार करतोय. त्या शोरूमने हेच कटिंग तुम्हालाही दाखवलं असेल, खालची कड तिरपी असेल, तर त्याचा फोटो मला पाठवा. वकिलाला अजून एकदोन नमुने हवेत.