'पाकेत आरान्झमान'ची जुनी रेकॉर्ड: सात महिने वापरल्यावर

काल रात्री या रेकॉर्डवरचं शार्लो आक्रोबाता या बँडचं 'माली चोवेक' हे गाणं पहिल्यांदाच न अडखळता सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजलं. त्यामुळे सात महिने रखडलेला हा अनुभव आज लिहून टाकतो.

रेकॉर्डची ओळख नव्याने करून देत बसत नाही. १९८१, युगोतोन ही रेकॉर्ड कंपनी, बेलग्रेडचे (आजच्या सर्बियातले) तीन बँड, अकरा गाणी. इदोलीची चार, शार्लो आक्रोबाताची चार, एलेक्त्रिचनी ओर्गाझमची तीन. नाव प्रवासी कंपनीच्या पॅकेज टूरवरून घेतलेलं. युगोस्लाव्हियातलं पंक आणि न्यू वेव्ह रॉक ऐकणारे सगळे कधी ना कधी इथे येतातच. मी दोन वर्षं नोकरीसाठी क्रोएशियात झाग्रेबला आहे, आणि युगोतोनचा कारखाना इथेच, दुब्रावा भागात होता. त्यामुळे घ्यायची तर त्या वेळची मूळ प्रतच, असा हट्ट होता.

तो हट्ट ३८ युरोंना पडला. ऑनलाइन विकणाऱ्याने 'जवळजवळ नवी' असं लिहिलं होतं. कव्हर खरोखरच स्वच्छ, कोपरेसुद्धा शाबूत. पण 'माली चोवेक' सुरू होऊन मिनिटभर झालं की टक्क आवाज यायचा आणि सुई एक फेरा मागे यायची. एक फेरा म्हणजे १.८ सेकंद. दोन-तीनदा मागे येऊन मग कशीबशी पुढे सरकायची. बाकी दहा गाणी ठणठणीत. विकणाऱ्याला व्हिडिओ पाठवला, तर म्हणे दोष तुमच्या सुईचा. फारच मागे लागलो तेव्हा ५ युरो परत द्यायला तयार झाला. परत पाठवायची तर टपालखर्च माझा, ९ युरो. मी ते ५ युरो घेतले नाहीत. सरळ खोटं लिहून विकायचं आणि वर उपकार केल्यासारखे पाच युरो पुढे करायचे, याचा राग अजून गेलेला नाही.

मग सुरू झाले माझे उपाय. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून धुतली. सुईचा भार १.७५ ग्रॅमवरून २ ग्रॅमवर नेला. शेवटी २४ युरोंची नवी सुई आणली. म्हणजे ६२ युरो झाले आणि टक्क आहे तिथेच. सुईच्या डोक्यावर नाणं ठेवायचा सल्ला अनेक जण देतात, तो कृपा करून ऐकू नका, खाचा कायमच्या झिजतात.

आता मत कसं बदललं ते सांगतो. मी ही घेतली होती इदोलीसाठी. 'माल्चिकी'मध्ये सोव्हिएत पद्धतीच्या कामगार-गौरवगीतांची जी नक्कल आहे ती ऐकता क्षणी आवडते. 'झ्लात्नी पापागाय'मध्ये ओर्गाझमवाले त्याच नावाच्या कॅफेत बसणाऱ्या बेलग्रेडच्या बड्या घरच्या पोरांवर तुटून पडतात, तेही लगेच पोचतं. शार्लो मात्र मला तुटक आणि कोरडे वाटायचे. पहिल्या महिन्यात हे लिहिलं असतं तर त्यांना तिसरा नंबर दिला असता. पण त्या एका टक्कपायी मी 'माली चोवेक' शंभरेक वेळा तरी लावलं असेल, तेही कान टवकारून. तेव्हा कुठे शार्लोच्या कोयाची बास गिटार, म्हणजे त्याचा बास, लक्षात आला. बाकी बँडमध्ये बास मागे उभा राहून साथ करतो, इथे तोच गाणं ओढतो. व्हीडी ड्रमवर ठोका अपेक्षेच्या जरासा अलीकडे नाहीतर पलीकडे टाकतो, आणि मिलान म्लादेनोविचची गिटार उरलेल्या फटींतून चरचरत जाते. तीन माणसं आहेत, पण एकही जागा भरलेली नाही आणि एकही रिकामी वाटत नाही. आज माझा पहिला नंबर शार्लोचा, यात चर्चेला जागा नाही.

एक गंमत भाषेची. इथल्या शिकवणीत माणसाला 'चोव्येक' म्हणायला शिकवलं, रेकॉर्डवर मात्र 'चोवेक'. बेलग्रेडची बोली ती. आपल्याकडे पुण्याची मराठी आणि नागपूरची मराठी ओठ हलताच ओळखू येते, तसंच. बेलग्रेडच्या पोरांची गाणी झाग्रेबच्या कारखान्यात छापली गेली, आणि दहाच वर्षांत या दोन शहरांमध्ये युद्ध उभं राहिलं. लेबलवरचं युगोतोन हे नावही त्यानंतर उरलं नाही. रेकॉर्ड हातात धरली की हे आठवतंच. फोनवर तीच गाणी ऐकताना मला ते कधी जाणवलं नव्हतं.

आता टक्कचा उलगडा. माझ्या घरमालकीणबाई साठीच्या पुढच्या. १९८१ मध्ये त्या इथेच विद्यार्थिनी होत्या. त्यांच्या मजल्यावर एकाच मुलीकडे ही रेकॉर्ड होती आणि बाकी सगळ्यांनी तिच्यावरून कॅसेट भरून घेतली होती. गेल्या आठवड्यात भाडं द्यायला गेलो, तेव्हा रडगाणं गायलो. त्या भरतकामाचं भिंग घेऊन वर आल्या, रेकॉर्ड दिव्याखाली तिरकी धरली आणि म्हणाल्या, "अरे, ही चीर नाही. मेण आहे."

मेण! मोहरीहून बारीक, पारदर्शक ठिपका, खाचेत बसलेला. त्यांनी सांगितलं, ऐंशीच्या दशकात देश कर्जात बुडाला तेव्हा वीज पाळीपाळीने जायची, पेट्रोल कूपनवर मिळायचं, कॉफीसाठी रांगा लागायच्या. घरोघरी मेणबत्त्या. "वीज आली की लावायची म्हणून कुणीतरी आधीच काढून ठेवली असणार," एवढं बोलून त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं.

मेण निघालं ते लाकडी टूथपिकने. टोक चावून मऊ केलं, खाचेच्या दिशेनेच, आडवं अजिबात नाही, हलक्या हाताने वीस मिनिटं. उष्णता देऊ नका, रेकॉर्ड वाकडी होईल. शेवटचा कण सुटला तेव्हा भिंगातून खाचांच्या रेघा एकामागून एक सलग दिसल्या.

टक्क गेला. त्याच्याखाली बासची एक छोटी उतरण होती, ती मी सात महिने ऐकलीच नव्हती.

घ्यावी का? घ्या, पण विक्रेत्याकडून उजेडात तिरके काढलेले फोटो मागून घ्या आणि नवी सुई घेण्याआधी भिंग घ्या. मला ते २४ युरो अजून टोचतात. बाईंकडचा रेकॉर्ड प्लेअर कधीच मोडीत गेला, त्यामुळे रविवारी दुपारी त्या वर येणार आहेत. कॉफी मी करणार आहे.