टर्मिनलवरून प्रिंट काढताना: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

टर्मिनलवर (कमांड टाइप करायच्या खिडकीत) एलपी ही छपाईची कमांड दिली, ‘रिक्वेस्ट आयडी इज’ म्हणून जॉबचा नंबर आला, एररचा एक शब्दही नाही. प्रिंटर चालू, ट्रेमध्ये कागद भरलेला. तरी पान बाहेर येईना. टर्मिनलवरून प्रिंट काढायला लागून मला बरेच महिने झाले आणि एकूण मी खूश आहे, पण या एका गोष्टीचा मनापासून राग आहे. म्हणून आधी तिच्याबद्दलच लिहितो.

एलपी देते तो नंबर म्हणजे फाइल क्यूमध्ये, म्हणजे छपाईच्या रांगेत, पोचल्याची पावती. ती छापली जाईलच असं त्यात काहीही नाही. कप्समध्ये (लिनक्सवर छपाई सांभाळणारी यंत्रणा) जॉब स्वीकारणं आणि जॉब छापणं या दोन गोष्टी वेगवेगळ्या चालू-बंद होतात. छपाई थांबलेली असली तरी स्वीकारणं सुरूच राहतं. छपाई चालू असताना जोडणी तुटली, बॅकएंड (प्रिंटरकडे डेटा पोचवणारा कप्सचा भाग) फेल झाला आणि एरर पॉलिसी, म्हणजे अडचण आल्यावर काय करायचं ते ठरवणारी सेटिंग, ‘स्टॉप-प्रिंटर’ असली, की क्यू थांबतो. नंतर प्रिंटर ताळ्यावर आला तरी क्यू आपणहून सुरू होत नाही. एलपीस्टॅट डॅश पी चालवलं की ‘डिसेबल्ड सिन्स’ आणि पुढे तारीख दिसते. कप्सइनेबल दिलं की काम सुरू.

पण हे माहीत नसलेला माणूस काय करतो? तीच फाइल पुन्हा पाठवतो, मग आणखी एकदा. नंतर कुणीतरी क्यू सुरू करतं आणि साचलेल्या सगळ्या प्रती एकामागून एक बाहेर पडतात. कोरा कागद असा वाया गेलेला मला बघवत नाही. म्हणून कप्सइनेबल देण्याआधी एलपीस्टॅट डॅश ओ चालवून काय काय साचलंय ते बघाच. नको असलेला जॉब कॅन्सल कमांडला नंबर देऊन काढता येतो. सगळंच नको असेल तर कॅन्सल डॅश ए.

कायमचा उपाय एका ओळीचा आहे, क्यूच्या सेटिंग्ज बदलणाऱ्या कमांडचा: एलपीअ‍ॅडमिन डॅश पी, क्यूचं नाव, डॅश ओ प्रिंटर-एरर-पॉलिसी=रिट्राय-जॉब. हे केल्यावर छपाई चालू असताना मुद्दाम केबल काढून पाहिली. परत जोडल्यावर थोड्या वेळानं जॉब आपोआप सुरू झाला. मात्र तो पहिल्या पानापासून सुरू होतो, म्हणजे आधी छापलेली पानं पुन्हा निघतात. त्यामुळे मोठा दस्तऐवज मी आता तुकड्यातुकड्यानं पाठवतो. मूळ कप्समध्ये स्टॉप-प्रिंटर हेच डिफॉल्ट आहे, काही डिस्ट्रो (लिनक्सचे वेगवेगळे तयार संच) ते बदलून देतात. प्रिंटरवर लक्ष ठेवायला माणूस असेल तिथे ते ठीक. एकट्यादुकट्याच्या प्रिंटरला हे डिफॉल्ट चुकीचं आहे, असं माझं ठाम मत आहे.

आता ज्यासाठी मी टर्मिनल सोडणार नाही ती गोष्ट. एलपीऑप्शन्सनं एकाच प्रिंटरच्या वेगवेगळ्या सेटिंग्जना नावं देता येतात. माझ्या क्यूचं नाव ‘ऑफिस’. मी ‘ऑफिस/कच्चा’ असं दुसरं नाव केलं आणि त्याला साइड्स=टू-साइडेड-लाँग-एज, नंबर-अप=२ आणि प्रिंट-क्वालिटी=३ ही ऑप्शन्स दिली. हे सगळं होम डायरेक्टरीतल्या कप्सच्या फोल्डरमध्ये साठतं, रूट, म्हणजे अ‍ॅडमिनचे अधिकार, लागत नाहीत. आता एलपी डॅश डी ऑफिस/कच्चा म्हटलं की पाठपोट, एका बाजूला दोन पानं, ड्राफ्ट दर्जा. २० पानांची पीडीएफ ५ कागदांत बसते. प्रिंटच्या डायलॉगमध्ये दर वेळी टॅब शोधत बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं. दोन्ही बाजूंनी छापायचं राहून गेलं, असं आता होतच नाही.

ड्रायव्हरबाबत मात्र माझं मत मधल्या काळात बदललं. सुरुवातीला प्रिंटर बनवणाऱ्या कंपनीचाच ड्रायव्हर हवा असं मला वाटायचं. सिस्टिम अपडेट झाली आणि तो बंद पडला. सर्व्हिसवाल्यांचं उत्तर एकच: काढून पुन्हा टाका. टाकून पाहिला, फरक नाही. शेवटी एलपीअ‍ॅडमिनमध्ये प्रिंटरचा आयपीपी (नेटवर्कवरून छपाई करायचा प्रोटोकॉल) पत्ता आणि डॅश एम एव्हरीव्हेअर देऊन ड्रायव्हरशिवाय क्यू केला. तेव्हापासून तक्रार नाही. आयपीपी ६३१ पोर्टवर चालतं, तेवढं फायरवॉलमध्ये अडलेलं नाही ना ते बघा. एलपीअ‍ॅडमिनमध्ये डॅश कॅपिटल ई कुठे लिहिता याकडेही लक्ष द्या. डॅश पीच्या आधी लिहिलं तर एन्क्रिप्शन, नंतर लिहिलं तर क्यू सुरू. ड्रायव्हर बदलला की ऑप्शनची नावंही बदलतात. जुन्या ड्रायव्हरमध्ये पाठपोटचं नाव ‘डुप्लेक्स’ होतं. न ओळखलेलं ऑप्शन कप्स बहुतेक वेळा मुकाट्यानं सोडून देतं आणि एकाच बाजूला छापतं. म्हणून एलपीऑप्शन्स डॅश एल आधी चालवावं. तिथे ज्या पर्यायापुढे तारा (*) दिसतो तो सध्याचा डिफॉल्ट.

छपाईच्या कमांड दोन आहेत, युनिक्सच्या दोन जुन्या शाखांमधल्या: एलपी सिस्टिम फाइव्हची, एलपीआर बर्कलीची. कप्सनं दोन्ही ठेवल्या आहेत. दोन्ही मिसळून वापरू नका. एलपीमध्ये डॅश कॅपिटल पी म्हणजे कोणती पानं, एलपीआरमध्ये तेच म्हणजे कोणता प्रिंटर. एलपीआरचं डॅश आर फाइल क्यूत टाकल्यावर मूळ फाइल पुसून टाकतं. आणि डॅश कॅपिटल एचनं रात्रीसाठी जॉब थोपवून ठेवायचा असेल तर वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) द्यावी लागते.

राहिला मराठी मजकूर. पीडीएफ असेल तर काहीच अडचण नाही. पण साधी टेक्स्ट फाइल लिनक्सवर थेट एलपीला दिली तर चौकोन तरी येतात, नाहीतर जोडाक्षरं तरी तुटतात. कप्सचं टेक्स्ट फिल्टर देवनागरीसाठी बनवलेलंच नाही. पॅप्स नावाचं छोटं टूल पँगो ही अक्षरजुळणीची लायब्ररी वापरतं, त्यामुळे अक्षरं नीट जुळतात. त्याला नोटो सान्स देवनागरी फाँट द्यायचा आणि आउटपुट पाइपनं (| या चिन्हानं) एलपीला जोडायचं. ते जमत नसेल तर लिब्रेऑफिस हेडलेस, म्हणजे खिडकी न उघडता, चालवून आधी पीडीएफ करून घ्या आणि मग तीच ऑफिस/कच्चावर पाठवा.